१७० अंशांच्या नादात गेलेले पाच आठवडे
कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी) म्हटलं की लोक पोट साफ करायच्या औषधाची भीती घालतात. मला त्याचाही त्रास झालाच. पण आजही आठवलं की डोकं तापतं ते अपॉइंटमेंटच्या काउंटरवरून.

माझ्या मोठ्या भावाला ५४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, म्हणून मला तपासणी करून घ्यायला सांगितलं. पहिली तपासणी झाली. रिपोर्टच्या शेवटी दोन ओळी होत्या : पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ) दिसला नाही. आतड्याची सफाई अपुरी, तपासणी पुन्हा करावी. म्हणजे नाहीच की नुसता दिसला नाही? मी वाचायला बसले आणि तिथेच फसले.

आतडं आतून गुळगुळीत नळीसारखं नसतं, त्याला आडव्या घड्या असतात. स्कोपचा, म्हणजे तपासणीच्या नळीचा, कॅमेरा समोर बघतो, त्यामुळे घडीच्या पाठीमागे बसलेला छोटा पॉलिप निसटू शकतो. जुन्या स्कोपची नजर साधारण १४० अंशांची, वाइड अँगलची १७०. पुढे तर तीन कॅमेऱ्यांचा, एक समोर आणि दोन बाजूंना, ३३० अंशांचा स्कोपही निघाला. डॉक्टर म्हणे तीन पडद्यांवर बघत. २०१४च्या एका अभ्यासात प्रत्येकाची तपासणी लागोपाठ दोन्ही स्कोपांनी केली होती. साध्या स्कोपने ४१ टक्के अ‍ॅडिनोमा सुटले, ३३० अंशांच्या स्कोपने ७ टक्के. (अ‍ॅडिनोमा म्हणजे ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो असा पॉलिप.) ४१ हा आकडा वाचल्यावर मी ठरवलं, आता वाइड अँगल असेल तरच टेबलावर आडवं व्हायचं.

काउंटरवर विचारलं, "तुमच्याकडे स्कोप कोणता असतो?"

"कॅमेऱ्याचा असतो, मॅडम."

कोन किती अंशांचा, असं विचारल्यावर त्या मुलीने शेजारच्याकडे पाहिलं आणि शेजारच्याने छताकडे. मला एक फोन नंबर मिळाला. तो तीन दिवस कुणी उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला, तर तो बिलिंगचा निघाला. बिलिंगवाल्यांनी यंत्रं सांभाळणाऱ्या विभागाकडे पाठवलं. तिथले गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "असं पेशंटला सांगता येत नाही, डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांना विचारायचं तर अपॉइंटमेंट हवी आणि ती मिळणार त्याच काउंटरवर. तिथे मुलगी म्हणाली, "तपासणीची तारीख दिलीये ना? मग भेटीची वेगळी कशाला?"

मी तपासणीची तारीख रद्द केली. हा सगळा मूर्खपणा माझा, त्यांचा नाही. पण त्या वेळी भलताच ताठा चढला होता. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मधल्या काळात कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की वाइड अँगलचा स्कोप आहे, पण तो दुरुस्तीला गेलाय. मी दर दोन दिवसांनी फोन करून त्या स्कोपच्या तब्येतीची चौकशी करत होते. स्वतःच्या तब्येतीची तेवढी केली नसेल.

विसरण्याआधी सांगते : लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, त्यांनी आतलं सगळं काळपट दिसतं. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा.

कोडं सुटलं ते एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर, एका सिस्टरांमुळे. त्या म्हणाल्या, "ताई, आमचे सगळेच स्कोप १७०चे आहेत. कित्येक वर्षं झाली." मी विचारलं, मग माझी पहिली तपासणी? "तीही त्यानेच झाली असणार."

पाच आठवडे! जे आधीच मिळालं होतं, त्यासाठी. आणि दुरुस्तीला गेलेला तो स्कोप कुणाच्या डोक्यातून निघाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

डॉक्टर भेटले तेव्हा मी ४१ टक्क्यांचा आकडा पुढे केला. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, नंतरच्या मोठ्या तुलनेत ३३० अंशांचा तो फायदा तितकासा टिकला नाही. रुंद कोनाने थोडं जास्त दिसतं, पण स्कोप बाहेर काढताना किती सावकाश बघतो, घड्या सपाट करून मागे डोकावतो का, उजवी बाजू दुसऱ्यांदा बघतो का, हे जास्त मोलाचं. बाहेर येताना किमान ६ मिनिटं तरी लागायलाच हवीत. "आणि मागच्या वेळची घाणसुद्धा आम्ही १७० अंशांतूनच बघितली होती," एवढं बोलून त्यांनी माझी फाइल मिटली.

घाणीचं कारण साधं होतं. पहिल्या वेळी मी सगळं औषध आदल्या संध्याकाळीच संपवलं होतं, एकदाचं सुटू म्हणून. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं : अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या सुमारे पाच तास आधी. पहाटे उठून ते प्यायचा कंटाळा येतो, पण उजव्या बाजूचं आतडं त्यानेच स्वच्छ राहतं. गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायलं की निभतं. लाल-जांभळं काहीही पिऊ नका, आत ते रक्तासारखं दिसतं. आणि मऊ टिश्यू आधीच आणून ठेवा, मी नंतर शहाणी झाले.

दुसरी तपासणी कधी झाली तेच कळलं नाही. गुंगी उतरली तेव्हा भाचा शेजारी बसून फोन बघत होता. दोन पॉलिप सापडले आणि तिथल्या तिथे काढलेही : एक ४ मिलिमीटरचा, दुसरा ६, यकृताजवळच्या वळणावर, घडीच्या मागे. बायोप्सीत दोन्ही अ‍ॅडिनोमा निघाले, कॅन्सर नाही. भावाचा इतिहास असल्यामुळे पुढची तपासणी ५ वर्षांनी.

घडीमागचा तो पॉलिप रुंद कोनामुळे सापडला, की आतडं स्वच्छ होतं म्हणून? मला पहिलं खरं असायला हवं होतं. पण दोन्ही वेळा स्कोप तोच होता. रिपोर्टवर सफाई 'चांगली' लिहिली आहे, बाहेर काढायला लागलेला वेळ ११ मिनिटं लिहिला आहे. अंशांचा उल्लेख कुठेच नाही.

निघताना काउंटरवर थांबून ५ वर्षांनंतरची तारीख आत्ताच मिळेल का, असं विचारलं. मुलीने मला ओळखलं होतं. "तेव्हा फोन करा, मॅडम," म्हणाली आणि तोच बिलिंगचा नंबर लिहून दिला.