५२० ची चेन घरी बदलताना: हत्यारांची निवड आणि रिव्हेटचे काम

माझ्या केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकलची चेन बदलण्याचे काम या आठवड्यात पूर्ण झाले. जुनी चेन ताणून धरून २१ पिनांमधले, म्हणजे २० कड्यांचे अंतर मोजले, तेव्हा ते ३२० मिमीच्या पुढे गेलेले आढळले. ५२० मापाच्या नव्या चेनमध्ये एका कडीचे अंतर १५.८७५ मिमी आणि २० कड्यांचे ३१७.५ मिमी असते. म्हणजे जुनी चेन ताणली गेली होती. त्यामुळे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) एकत्रच बदलायचे ठरवले.

लहान गाड्यांच्या ४२८ मापाच्या चेनला टोके जोडण्यासाठी लॉकची, म्हणजे क्लिपने अडकणारी कडी चालते आणि ती बसवायला एक पक्कड पुरते. या गाडीच्या ताकदीला मात्र मला रिव्हेटचीच, म्हणजे पिनांची डोकी फुलवून कायमची बसवायची कडी योग्य वाटते, आणि ती घेतली की हत्याराचा प्रश्न आपोआप उभा राहतो. जुनी पिन बाहेर ढकलणे, नव्या कडीची बाजूची प्लेट दाबून बसवणे आणि पिनांची पोकळ डोकी फुलवणे ही तिन्ही कामे एकाच हत्याराने व्हावीत, असा माझा आग्रह होता. डीआयडीचे केएम५००आर आणि मोशन प्रोचे पीबीआर ही दोन्ही हत्यारे या तिन्ही कामांची आहेत. बाजारात स्वस्त संचही पुष्कळ मिळतात, परंतु संच निवडताना पेटीतील तुकड्यांची संख्या न पाहता ढकलणारी पिन पाहावी: ती जाड, कडक आणि सुटी बदलता येणारी असावी, कारण सगळा जोर शेवटी तिच्यावरच येतो.

त्या पिनेचे आयुष्य वाढवणारी गोष्ट म्हणजे ग्राइंडर. रिव्हेटचे फुललेले डोके प्लेटच्या पातळीपर्यंत घासून काढल्यावर चेनची पिन सहज सरकते. न घासता ढकलू पाहिल्यास हत्याराची पिन वाकते किंवा तुटते. चेन मागच्या स्प्रॉकेटवर असतानाच घासावी, म्हणजे ती हलत नाही, आणि ठिणग्यांपासून टायर वाचवण्यासाठी त्यावर ओले फडके टाकावे. नट-बोल्ट फिरवायचे दोन पाने लागतात, एकाने हत्याराचे अंग धरायचे आणि दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावलेले असावे.

नव्या चेनच्या कड्या जुनीशी लांबी जुळवून ठरवू नयेत, कारण जुनी चेन ताणलेली असते. कड्या मोजाव्यात आणि जोडणारी कडी त्यात धरावी. ती कडी बसवताना चारही रबरी रिंगांना सोबत आलेले ग्रीस लावले, प्लेट हाताने टेकवली आणि मग थोडी थोडी दाबत गेलो. इथे अंदाज चालत नाही. शेजारच्या कडीची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी व्हर्नियरने (बारीक मापे घेणाऱ्या कॅलिपरने) आधी मोजून ठेवली होती आणि नवी कडी त्याच मापावर येताच दाबणे थांबवले. जास्त दाबल्यास रिंग चिरडते आणि तो सांधा ताठर होतो.

डोके फुलवणे हा सर्वांत समाधान देणारा भाग. माझ्या चेनसोबतच्या कागदावर फुललेल्या डोक्याचा व्यास ५.५ ते ५.८ मिमी दिलेला आहे; प्रत्येक चेनचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आपलाच कागद पाहावा. पाना पाव फेरी फिरवायचा, हत्यार काढायचे, व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजायचा, पुन्हा पाव फेरी. दोन्ही पिना ५.६ मिमीच्या आसपास आल्यावर थांबलो आणि भिंगातून कडा तपासल्या. डोक्यावर बारीकशी चीर दिसली असती, तरी ती कडी टाकून नवी घ्यावी लागली असती. एकदा फुलवलेली पिन पुन्हा वापरता येत नाही. सांधा बोटांनी वाकवला, तेव्हा तो शेजारच्या कड्यांइतकाच मोकळा हलला.

यानंतर चेनची ढील गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवून मागच्या ॲक्सलचा नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळला. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ढील आणि जोडकडीची डोकी पुन्हा मोजणार आहे, आणि ते आकडे पुढच्या नोंदीत देईन.