तुम्ही विचारलंत म्हणून: बार्तोलीच का?

मुलांना माझ्याकडे टेनिस शिकायला कोर्टावर सोडायला आलेले आईबाबा बाकावर बसले की गप्पा निघतात आणि कधी ना कधी हा प्रश्न येतोच: "मॅडम, तुमची आवडती खेळाडू कोण?" मी मारियन बार्तोलीचं नाव घेते. क्षणभर कुणी बोलत नाही. मग कुणाला तरी आठवतं. "ती फ्रान्सची? विम्बल्डन जिंकली आणि लगेच खेळ सोडला ती? त्या वर्षी तिचं नशीबच होतं ना?" गेल्या महिन्यात दोघांनी हेच विचारलं. बाकावर पाच मिनिटांत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

रतुर्नाक हे मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ भागातलं लहानसं गाव. बार्तोलीचा जन्म जवळच्या ल प्युई-आं-व्हले या गावचा, २ ऑक्टोबर १९८४ चा, पण ती वाढली रतुर्नाकमध्ये. वडील वॉल्टर डॉक्टर. टेनिसच्या प्रशिक्षणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मुलीला शिकवायचं म्हणून ते आधी स्वतः शिकले. दवाखान्यातलं काम आटोपलं की बापलेक सरावाला जायची. गावातल्या छपराखालच्या कोर्टात बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, मागे भिंत अगदी जवळ होती. खेळलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. खोल चेंडू आला की आपण दोन पावलं मागे सरतो, तो उतरायला लागला की मारतो. तिथे मागे सरायला जागाच नाही. म्हणजे चेंडू टप्पा घेऊन वर येतानाच घ्यायचा, पुढे सरकून घ्यायचा. जगात तिचा खेळ ज्यामुळे ओळखला गेला ती सवय त्या भिंतीनं लावली.

दुसरी गोष्ट घडली १९९२ मध्ये. फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात मोनिका सेलेसनं स्टेफी ग्राफला तिसऱ्या सेटमध्ये १०-८ असं हरवलं. सेलेस फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) आणि बॅकहँड (उलट बाजूचा) दोन्ही दोन हातांनी मारायची. वॉल्टरनी तो सामना पाहिला आणि सात वर्षांच्या मुलीचा डावा हात फोरहँडवरही ठेवायला लावला.

प्रशिक्षक म्हणून सांगते, हे धाडसाचं होतं. दोन हातांनी मारताना पल्ला कमी होतो. बाहेर जाणाऱ्या चेंडूला एक हातवाली खेळाडू हात लांब करून पोचते, दोन हातवालीला एक पाऊल जास्त टाकावं लागतं. प्रत्येक चेंडूला एक पाऊल, तेही वर्षानुवर्षं. त्या बदल्यात मिळतं ते असं: लवकर घेतलेला चेंडूही हातात स्थिर राहतो, आणि तो कुठे जाणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून बार्तोली समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हिसला बेसलाइनच्या आत येऊन उभी राहायची. दोन गुणांच्या मध्ये जागच्या जागी उड्या मारायची, रिकाम्या हवेत फटके मारून पाहायची. पाहणाऱ्यांना ते विचित्र वाटे. मला तिच्या पायांची ती तयारी दिसायची, कारण त्या खेळात पाय एक क्षणही थंड पडून चालत नाहीत.

आता माझं सांगते. २००९ साली माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी यायची. ती आपणहून फोरहँडला दोन्ही हात लावायची. मी तिचा डावा हात काढायला लावला. पुस्तकात होतं तसं शिकवलं आणि रोज टोकत राहिले. पावसाळ्यानंतर ती आलीच नाही. मी तिला कधी विचारलं नव्हतं की असं मारताना तुला काय सोपं वाटतं. २०१३ चं विम्बल्डन पाहताना मला सारखी तीच मुलगी आठवत होती.

त्या विजयाला नशीब म्हणणाऱ्यांनी त्याआधीची वर्षं पाहायला हवीत. २००१ मध्ये ती अमेरिकन ओपनची मुलींची विजेती होती, अंतिम सामन्यात स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला हरवून. महिलांमधलं पहिलं विजेतेपद जानेवारी २००६ मध्ये ऑकलंडला आलं. २००७ च्या विम्बल्डनला तिला कुणी धरलंच नव्हतं. उपांत्य सामन्यात समोर जगातली पहिल्या क्रमांकाची जस्टिन हेनिन. पहिला सेट १-६ गेला. पुढचे दोन ७-५, ६-१ असे बार्तोलीचे. प्रेक्षकांत अभिनेता पिअर्स ब्रॉस्नन दिसला आणि त्याच्यासमोर असं वाईट खेळणं बरं नव्हे असं वाटलं, असं तिनं नंतर सांगितलं. अंतिम सामना व्हीनस विल्यम्सनं सहज घेतला. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या अंतिम सामन्यात त्याच व्हीनसला तिनं हरवलं. २०११ मध्ये फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, ईस्टबर्नचं विजेतेपद, आणि मग विम्बल्डनला गतविजेती सेरेना विल्यम्स ६-३, ७-६ अशी बाद. जानेवारी २०१२ मध्ये ती सातव्या क्रमांकावर पोचली.

त्याच २०११ च्या विम्बल्डनमधला एक प्रसंग मला विसरता येत नाही. फ्लाव्हिया पेनेटाविरुद्धचा सामना अटीतटीचा चालला होता आणि बार्तोलीनं आपल्या आईवडिलांना हातानं खूण केली: बाहेर जा. ते उठून गेले. ती सामना जिंकली. मुलीचा खेळ वडिलांनी घडवला याचं मला कौतुक आहे, पण तिलाही कधीतरी मोकळी हवा लागत होती हे तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं. त्याच वडिलांना सोडायचं नाही म्हणून तिनं फ्रान्सच्या टेनिस महासंघाशी वर्षानुवर्षं वाद घातला. राष्ट्रीय संघाबरोबर वैयक्तिक प्रशिक्षक चालत नव्हता आणि तिला वडिलांशिवाय जायचं नव्हतं. म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला ती गेलीच नाही, आणि फ्रान्समध्ये तेव्हा तिच्या वर कुणी नव्हतं. बाकावर बसलेल्या बाबांनो, तुमच्यातल्या प्रत्येकाला मी हा भाग मुद्दाम सांगते.

२०१३ च्या फेब्रुवारीत बापलेकीनं प्रशिक्षणापुरते रस्ते वेगळे केले. ती राष्ट्रीय संघात परतली. संघाची कर्णधार होती अमेली मॉरेस्मो, २००६ ची विम्बल्डन विजेती. त्या उन्हाळ्यात विम्बल्डनला मॉरेस्मो तिच्यासोबत होती. विम्बल्डनपूर्वी त्या मोसमात बार्तोलीनं एकही अंतिम सामना खेळला नव्हता, मानांकन पंधरावं होतं.

ती सात सामने जिंकली आणि एकही सेट हरली नाही. लोक म्हणतात, पहिल्या दहांतली कुणी समोर आलीच नाही. खरं आहे, सेरेना, शारापोव्हा, अझारेंका या अव्वल खेळाडू आधीच स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. पण सेरेनाला घालवणारी सबीन लिसिकी अंतिम सामन्यात समोर होती आणि तिला बार्तोलीनं ६-१, ६-४ असं हरवलं. समोर कोण यावं हे खेळाडूच्या हातात नसतं. ज्या गवतावर तिनं हेनिनला आणि सेरेनाला हरवलं होतं, तेच हे गवत होतं. आणि ही तिची सत्तेचाळिसावी ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) स्पर्धा होती. त्या दिवसापर्यंत कुठल्याही महिलेला पहिल्या विजेतेपदासाठी इतक्या स्पर्धा खेळाव्या लागल्या नव्हत्या. सेहेचाळीस वेळा हरून परत आलेल्या माणसाला नशीबवान म्हणताना जीभ अडखळायला हवी.

त्याच दिवशी बीबीसीच्या रेडिओवर एका निवेदकानं तिच्या दिसण्यावरून शेरा मारला, तू काही सुंदर होणार नाहीस असं तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच सांगितलं असेल का, अशा अर्थाचा. बीबीसीनं माफी मागितली. बार्तोलीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मी सोनेरी केसांची नाही हे खरंच आहे. मॉडेल होण्याचं स्वप्न मी पाहिलं का? नाही. विम्बल्डन जिंकण्याचं पाहिलं का? हो, नक्कीच. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या मुलींना मी हे उत्तर सांगते. उन्हात काळी पडेल म्हणून आजीनं टेनिस बंद करायला लावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आणि मग १४ ऑगस्ट. विम्बल्डनला सहा आठवडेही झाले नव्हते. सिनसिनाटीत सिमोना हालेपकडून तीन सेटमध्ये हरल्यावर रात्री उशिरा तिनं रडत सांगितलं की आता संपलं. खांदा, कंबर, टाच, पाठ, सगळं दुखतं, तासाभरातच शरीर थांबतं. उरलं होतं ते सगळं तिनं विम्बल्डनला खर्च केलं होतं. वय अठ्ठावीस. यावर पालक हळहळतात: आणखी दोनतीन वर्षं खेळली असती तर पैसा, नाव... मला तसं वाटत नाही. ते एक जास्तीचं पाऊल आठवा, प्रत्येक चेंडूला, सहासात वर्षांच्या वयापासून. ज्या खेळानं तिला जिंकवलं त्यानंच तिचं शरीर झिजवलं असं माझं मत आहे, आणि ही किंमत तिला कुणापेक्षाही चांगली माहीत होती. २०१७ च्या अखेरीस तिनं पुनरागमन जाहीर केलं, पण पुढच्या उन्हाळ्यात खांद्यानं तेही होऊ दिलं नाही. म्हणजे २०१३ मध्ये तिला खेळाचा कंटाळा आला होता, असं म्हणायला जागा उरत नाही.

मुलांना मी त्या अंतिम सामन्याचा शेवट दाखवते. दुसऱ्या सेटमध्ये ५-१. तीन मॅच पॉइंट, म्हणजे घेतला की सामना संपेल असे गुण, येतात आणि जातात. रडवेली झालेली लिसिकी ५-४ पर्यंत येते. सर्व्हिस बार्तोलीकडे. ती सर्व्हिस म्हणजे तिच्या खेळातली सगळ्यात कच्ची बाजू, जिची पद्धत तिनं कितीदा बदलली, मनगटं एकमेकांवर घेऊन सुरू होणारी ती अवघडलेली हालचाल. इथे मी मुलांना विचारते, आता काय होईल? बहुतेक जण म्हणतात, डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाणार.

ती चारच्या चार गुण घेते. शेवटचा एस, समोरच्याला स्पर्शही न करता आलेली सर्व्हिस. चेंडू रेषेला लागतो आणि खडूची पांढरी धूळ उडते. ती गुडघ्यांवर बसते, उठते, आणि प्रेक्षकांमधून वर चढत जिथे मॉरेस्मो उभी आहे तिथे पोचते. वडीलही त्या दिवशी आलेले आहेत. ती त्यांना मिठी मारते.