तुम्ही विचारलंत म्हणून: हे होकायंत्र खरं का?

हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून कुणी पितळी होकायंत्र आणलं की डिचोलीत ते फिरत फिरत माझ्या ओसरीवर येतं. "काका, खरं ना हे?" जन्मभर खाणीवर सर्व्हेअर होतो, आणि जुनी लष्करी होकायंत्रं जमवतो, म्हणून मला विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न: "पोर्तुगीजांच्या वेळचं असेल, नाही?" पोर्तुगीज १९६१च्या डिसेंबरात गेले, त्यांच्या सैन्याचं एकही होकायंत्र अजून माझ्या हाती लागलेलं नाही.

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा आला. झाकणावर 'स्टॅनली, लंडन, १८८५' आणि पितळ असं की तोंड बघावं. स्टॅनली ही लंडनची जुनी, नावाजलेली कंपनी. बिचारीचं नाव शोभेच्या पितळेवर हल्ली कुणीही ठोकतं. यातला बराचसा माल आपल्याच देशात घडतो. त्यामुळे मी साल वाचतच नाही. प्रिझम डोळ्याला लावतो आणि अंगणातल्या माडाकडे बघतो.

लष्करी प्रिझमॅटिक होकायंत्रात झाकणाच्या काचेवर केसाएवढी रेघ असते. ती माडावर आणली, की त्याच नजरेत खाली प्रिझममधून चुंबकासोबत फिरणाऱ्या तबकडीवरचा आकडा मोठा होऊन दिसतो. त्यासाठी आकड्यांची एक रांग आरशातल्यासारखी उलटी छापावी लागते, आणि तिच्यातलं ३६०, म्हणजे उत्तरेचा आकडा, दक्षिणेच्या टोकाला येतं, कारण प्रिझममधून वाचायची ती आपल्याकडची कड. मुलाच्या यंत्रात प्रिझमच्या जागी साधा काचेचा तुकडा होता. त्यातून माड दिसला, आकडा कुठला दिसायला!

मग मी माझं मार्क तीन, म्हणजे ब्रिटिश लष्कराचं प्रिझमॅटिक होकायंत्र, काढलं. १९४१चं. काळा रंग उडालेला, दिसायला अगदीच गबाळं. तबकडी द्रवात तरंगते, त्यामुळे लगेच स्थिरावते; आता आत वाटाण्याएवढा बुडबुडा झालाय. बाहेरचं कडं हव्या त्या अंशावर फिरवून स्क्रूने आवळायचं, आणि रात्री नुसत्या चमकत्या खुणा जुळवत चालायचं. चमक रेडियम मिसळलेल्या रंगाची. ती केव्हाच विझली, कारण रेडियमच्या माऱ्याने त्यातलं चमकणारं द्रव्य निकामी होतं. रेडियम मात्र १६०० वर्षांनी निम्मं होणार, तोवर त्याचे घातक किरण चालूच. म्हणून असलं यंत्र कुणी उघडू नये, खरवडू तर मुळीच नये. आमच्या घरात ते झोपायच्या खोलीत ठेवायला बंदी आहे, आणि ती बंदी घालणारीचं बरोबर आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळचं एक व्हर्नर पद्धतीचं, ब्रिटिश लष्करी होकायंत्र भाच्याने इंग्लंडहून आणलं. त्याची तबकडी दक्षिणेकडे कलायची. मोडकं समजून मी ते दोन वर्षं कपाटात टाकलं होतं! इंग्लंडात पृथ्वीचं चुंबकत्व उत्तरेचं टोक चांगलंच खाली ओढतं, म्हणून तिथले कारागीर दक्षिणेकडे थोडं वजन घालतात. गोव्यात ती ओढ कितीतरी कमी, म्हणून ते वजनच वरचढ ठरतं. उलट आडवी ओढ आपल्याकडे जवळजवळ दुप्पट. त्यामुळे तीच तबकडी इथे चटकन उत्तरेला वळते. यंत्र धडधाकट होतं, परमुलखात आलं होतं इतकंच.

मुलाला हे सगळं ऐकवत सत्तरी तालुक्याच्या वाटेवर एका टेकडीकडे नेलं. खाली उभं राहून माथ्यावरच्या दगडाचा उत्तरेपासूनचा कोन घेतला: ६२ अंश. माथ्यावरून खालच्या जागेचा उलटा कोन १८० ने जास्त, म्हणजे २४२ यायला हवा. आला २४७. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. दगडात लोखंड आहे, बाबा, ते तबकडीला आपल्याकडे ओढतं. सर्व्हेअर याला 'लोकल अ‍ॅट्रॅक्शन' म्हणतात, आणि खाणीवर या पाच अंशांपायी आम्ही दिवसचे दिवस घालवलेत. दोन्ही टोकांवरून मोजल्याशिवाय ही चूक सापडतही नाही.

परतताना मार्क तीन त्याच्याच हातात होतं. दिसेल त्या माडाचा, देवळाच्या कळसाचा कोन घेत होता. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "काका, हे कितीला द्याल?"

देणार नाही म्हटलं. पण पाऊस ओसरला की रविवारी तो परत येणार आहे, आणि त्याचं ते पितळी यंत्र अजून माझ्या ओसरीवरच पडलंय.