आमची वाटचाल : ईसीजी यंत्रांच्या दुरुस्तीपासून संकेतांच्या विश्लेषणापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात पुण्यात ईसीजी यंत्रांच्या दुरुस्तीने झाली. सर्वाधिक तक्रार असे ती आलेखावर उमटणाऱ्या बारीक थरथरीची. ही थरथर बहुधा हृदयाची नसून भिंतीतल्या विजेची, म्हणजे ५० हर्ट्झची असते आणि अर्थिंग नीट नसलेल्या दवाखान्यात ती हमखास दिसते. फिल्टर लावून ती घालवता येते, परंतु त्याबरोबर हृदयाच्या संकेताचाही काही अंश जातो. त्यामुळे काय गाळायचे आणि काय राखायचे, या प्रश्नाने आम्हाला दुरुस्तीकडून विश्लेषणाकडे वळवले.

हॉल्टर या अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्राने घेतलेल्या चोवीस तासांच्या नोंदीचा वारंवारतेनुसार सरसकट हिशेब मांडला, तर काही सेकंदांची अनियमितता त्यात बुडून जाते. बंदिशीत कोणते स्वर आहेत एवढे कळून भागत नाही, ते कोणत्या मात्रेवर लागले हेही कळावे लागते. डेनिस गॅबर यांनी १९४६ साली मांडलेल्या पद्धतीत संकेताचे लहान-लहान तुकडे घेऊन प्रत्येकातील वारंवारता पाहतात. मात्र तुकडा आखूड घेतला तर वारंवारता धूसर होते आणि लांब घेतला तर वेळ धूसर होते. निरोगी हृदयात क्यूआरएस, म्हणजे निलयांचा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा) टोकदार संकेत, साधारण ०.१ सेकंदात आटोपतो, तर एट्रियल फिब्रिलेशनमधील (कर्णिकांच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या, अनियमित थरथरीतील) ४ ते ९ हर्ट्झच्या लहरी ओळखायला काही सेकंदांची नोंद हवी असते. दोन्हींना एकच माप पुरत नाही, म्हणून आम्ही वेव्हलेट पद्धत स्वीकारली, जिच्यात तुकड्याची लांबी वारंवारतेनुसार बदलते. (तिचे एक जनक जाँ मॉर्ले हे खनिज तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरी अभ्यासणारे फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ होते, याचे आम्हाला आजही कौतुक वाटते.)

प्रत्यक्षात आमचा वेळ वेव्हलेटच्या गणितापेक्षा एका वजाबाकीतच अधिक गेला. छातीवरून घेतलेल्या नोंदीत कर्णिकांच्या क्षीण लहरींवर निलयांचा जोरकस संकेत स्वार झालेला असतो. तो सरासरी ठोक्याच्या आधारे वजा केल्याशिवाय खालचे काहीच विश्वासाने वाचता येत नाही, आणि ठोक्याचा आकार बदलला की वजाबाकीही चुकते. चाचणीसाठी बोस्टनचा एमआयटी-बीआयएच हा खुला नोंदसंग्रह फार उपयोगी पडला. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी असून त्या सेकंदाला ३६० नमुने या वेगाने घेतलेल्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक ठोका तज्ज्ञांनी तपासलेला आहे. तरीही मे महिन्यात घामाने सुटलेल्या इलेक्ट्रोडची नोंद कशी दिसते, हे आम्हाला इथल्याच रुग्णांकडून शिकावे लागले.

लेट पोटेन्शियलच्या, म्हणजे क्यूआरएसच्या शेवटी उमटणाऱ्या अतिक्षीण संकेतांच्या, तपासणीची मागणी आली, तेव्हा आम्ही ती नाकारली. काही मायक्रोव्होल्टचे हे संकेत स्नायूंच्या गोंगाटाच्याच पट्ट्यात येतात आणि ते वेगळे काढण्यासाठी निश्चल पडलेल्या रुग्णाच्या शेकडो ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. चालत्या-फिरत्या रुग्णाच्या हॉल्टरवर हे शक्य असल्याचा दावा करणे आम्हाला प्रामाणिक वाटले नाही.

१ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण म्हणून औषध कायद्याच्या कक्षेत आले आणि आमच्या कामात कागदपत्रांचा मोठा वाटा निर्माण झाला. हृदयरोगतज्ज्ञांचा आक्षेप वेगळाच होता: कोणत्या वेळी कोणती वारंवारता आहे हे दाखवणारे आमचे रंगीत चित्र त्यांना परके वाटे, कारण त्यांची नजर सेकंदाला २५ मिलिमीटर सरकणाऱ्या आलेखावर घडलेली असते. म्हणून आता आमच्या अहवालात मूळ आलेख वर आणि त्याच मापाचे काल-वारंवारता चित्र त्याखाली छापले जाते; संशयास्पद जागांवर खूण असते आणि निदानाचा रकाना डॉक्टरांसाठी कोरा ठेवलेला असतो.