दीड हजार रुपयांत पुराची पिशवी

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पुरामुळे आम्ही कोल्हापुरातले घर सोडले तेव्हा माझ्या एका हातात सासूबाईंचा हात होता, दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या मुलाचा, आणि कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी मी दातांत धरली होती. बोटीत चढताना जवानाने मुलाला उचलण्यासाठी हात पुढे केला, मी ‘सावकाश’ असे म्हणायला तोंड उघडले आणि पिशवी पाण्यात गेली. ती लगेच हाती लागली, पण रेशनकार्डाचा लगदा झाला होता आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा तर घरातच फळीवर राहिला होता. माझे पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. महामार्गावर पाणी आल्यामुळे ते नदीच्या पलीकडे अडकले आणि पुढचे पाच दिवस आमची गाठ फक्त फोनवर पडली, तीही फोन सुरू होता तोवर.

आमचे घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या बाजूच्या एका बोळात आहे. मी घरी शिवणकाम करते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आमच्या भागातल्या लहान पोरालाही पाठ असते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. त्या वेळी आम्ही लवकर निघून राजारामपुरीत नणंदेकडे गेलो खरे, पण सामान म्हणून गोधड्या आणि कुकर नेला आणि औषधे पुन्हा विसरलो. त्यानंतर दर उन्हाळ्यात ‘यंदा काहीतरी तयारी करून ठेवू’ असे आम्ही म्हणत असू. अखेर २०२४ च्या लग्नसराईत ब्लाउज शिवून मिळालेल्या पैशांतून दीड हजार रुपये मी बाजूला काढले, ते एका रिकाम्या चहाच्या डब्यात ठेवले आणि पुराची पिशवी, म्हणजे पूर आला की उचलून निघता येईल अशी भरून ठेवलेली पिशवी, याच रकमेत करायची, असे ठरवले.

दुकानात मिळणारी पाठीवरची जलरोधक पिशवी माझ्या सगळ्या रकमेपेक्षा महाग होती. नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली स्वस्त सॅक मुलाच्या शाळेसाठी एकदा घेतली होती आणि पहिल्याच पावसात तिच्यातल्या वह्या भिजल्या होत्या. त्यामुळे पिशवी आपणच शिवायची हे उघड होते. कापड कोणते घ्यावे याचा विचार करत असताना चौकातला वाढदिवसाचा एक फ्लेक्स उतरवला जात होता, तो मी मागून घेतला. कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही. माझ्या पिशवीच्या आतल्या बाजूने आजही कोणा भाऊंचे अर्धे हसू आणि ‘हार्दिक शु’ एवढी अक्षरे दिसतात.

फ्लेक्स शिवणे हे ब्लाउजच्या कापडासारखे काम नव्हे. तो मशीनच्या पायाखाली चिकटतो, पुढे सरकत नाही आणि टाके एकाच जागी साचतात. वर्तमानपत्राची पट्टी वर ठेवून शिवले आणि मग ती पट्टी फाडून काढली, तेव्हा तो सरळ सरकू लागला. १८ नंबरची सुई घेतली. टाका नेहमीसारखा बारीक ठेवला, तो मात्र माझा हट्ट नडला. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण, हे कापडाच्या बाबतीत खरे असले, तरी फ्लेक्सवर सुईचे प्रत्येक छिद्र कायमचे राहते आणि जवळजवळ पडलेल्या छिद्रांवर तो पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. पहिली पिशवी पाच किलो तांदूळ भरून उचलली आणि तळाची शिवण टर्रकन उसवली. दुसऱ्यांदा टाका मोठा केला, कड दोनदा दुमडून घेतली आणि पट्टे नुसते वर जोडण्याऐवजी तळाखालून फिरवून आणले, म्हणजे वजन शिवणीवर न येता पट्ट्यावर येते.

मग पाण्याची परीक्षा. पिशवीत वर्तमानपत्र आणि एक वीट घालून ती मोरीतल्या घमेल्यात तासभर बुडवून ठेवली. कागद मध्यभागी कोरडा होता, पण तळाच्या शिवणीलगत ओली रेघ उमटली होती, अगदी टाक्यांच्या अंतराने एकेक ठिपका मोजता यावा अशी. मी शिवणीवर मेणबत्तीचे मेण वितळवून ओतले. ते थंड होताच घट्ट दिसले आणि पिशवीची घडी घालताच तडकले. शेवटी सायकल दुकानातल्या काकांनी उपाय सांगितला. पंक्चर काढायचे सोल्यूशन शिवणीवर आतून आणि बाहेरून पातळ लावायचे, दहा मिनिटे सुकू द्यायचे, मग पुन्हा एक हात द्यायचा. दोन ट्यूब लागल्या, चाळीस रुपये गेले आणि दुसऱ्या परीक्षेत कागद कोरडा निघाला. तोंडाला चेन लावली नाही, कारण चेनमधून पाणी आत येतेच. तोंड तीन वेळा गुंडाळून दोन्ही टोके पट्ट्याने बांधायची, एवढीच व्यवस्था केली आहे. तरीही आतल्या वस्तू मी फक्त फ्लेक्सच्या भरवशावर ठेवत नाही. कागद, गोळ्या आणि सेल वेगवेगळ्या झिपच्या पाकिटांत घालूनच आत जातात.

पिशवीत काय भरायचे याची पहिली यादी मी रात्री जेवणानंतर लिहिली आणि ती दोन पाने झाली. सगळे सामान भरून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तर साडेअकरा किलो भरले. एवढे ओझे पाठीवर घेऊन मी एकटी कदाचित चालेन, पण सासूबाईंना धरून जिना उतरू शकणार नाही. आठ किलोंच्या आत यायचे असे ठरवल्यावर यादी आपोआप छोटी झाली. छोटा कुकर गेला, गोधडी गेली आणि पाणीही बरेच गेले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सामान भरताना लक्षात राहत नाही. आता पिशवीत लिटरच्या दोनच बाटल्या असतात, आणि गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन धुऊन, पाणी भरून दारामागे वेगळा ठेवलेला असतो. हात मोकळा असला तर तो उचलायचा, नसला तर सोडून द्यायचा.

पाण्याचे महत्त्व आम्हाला २०१९ मध्येच कळले होते. शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे चहूकडे पूर असतानाही शहरातले नळ कोरडे होते आणि टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या होत्या. म्हणून औषधाच्या दुकानातून क्लोरीनच्या गोळ्या घेतल्या. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग होत नाही. पाणी आधी निवळू द्यायचे, चौपदरी सुती कापडातून गाळायचे, मग पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी घालून निदान अर्धा तास थांबायचे. सासूबाईंचा तुरटीवर फार विश्वास आहे. तुरटीने गाळ तळाशी बसतो हे खरे, पण जंतू मरत नाहीत, हे त्यांना पटवायला मला आरोग्यसेविका आशाताईंची मदत घ्यावी लागली. शक्य असेल तिथे पाणी उकळणे हेच उत्तम, गोळ्या फक्त चूल नसेल तेव्हासाठी आहेत.

उजेडाच्या बाबतीत माझे नव्वद रुपये सरळ वाया गेले. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात चार्जिंगची सुबक बॅटरी मिळाली, ती मी कौतुकाने आणली आणि घरी आल्यावर मुलाने विचारले, “आई, लाईट गेल्यावर ही चार्ज कुठं करायची?” दोन आठवड्यांत ती तशीही बंद पडली. नंतर दोनशे वीस रुपयांची, कपाळावर बांधायची, सेलवर चालणारी घेतली. हात मोकळे राहतात हा तिचा मोठा गुण. सेल मात्र तिच्यात घालून ठेवत नाही, कारण महिनोन्महिने पडलेले सेल पाझरतात आणि आतले पत्रे खराब करतात. पॉवर बँक घेणे परवडले नाही. त्याऐवजी पतींचा जुना बटणांचा फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून ठेवला आहे, आणि दहा जणांचे नंबर कागदावर पेनने लिहिले आहेत. त्याच कागदावर ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हेही आहेत. फोन हरवला तर मला पतींचाही नंबर पाठ नव्हता, हे लिहिताना आजही ओशाळायला होते.

प्रथमोपचाराचे सामान, ओआरएसची चार पाकिटे, शिट्टी आणि दहा मीटर नायलॉनची दोरी हे सगळे एका फेरीत झाले. छोटा रेडिओ दोनशे ऐंशीला पडला. पतींना तो अनावश्यक वाटला होता, पण २०१९ मध्ये फोनवरून इतक्या अफवा फिरत होत्या की, धरण फुटल्याच्या एका खोट्या निरोपाने आमच्या गल्लीतली निम्मी माणसे अनवाणी धावली होती. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरल्यावर ते पाण्याच्या दाबानेच उघडतात, त्यामुळे ‘दरवाजे उघडले’ आणि ‘धरण फुटले’ यांतला फरक खात्रीच्या आवाजात ऐकायला मिळणे मला दोनशे ऐंशी रुपयांचे वाटते.

खाण्यासाठी फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि चिरमुरे घेतले. चिरमुरे घेणे ही चूक होती, त्याबद्दल पुढे सांगते. सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या, त्यांचा जुना चष्मा, घडीचे कापड, कागदपत्रांच्या छायाप्रती आणि दहा-पन्नासच्या नोटा मिळून पाचशे रुपये हे घरातलेच असल्यामुळे हिशेबात धरले नाहीत. सासूबाईंच्या काठीवर मी पांढऱ्या रंगाने फुटांच्या खुणा केल्या. पाण्याखाली गटाराचे झाकण निघालेले असू शकते, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी काठी टाकायची. वाहते पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी पाय उपटते, तेव्हा तिथे काठीही कामाची नाही, तिथे जायचेच नाही. एकूण खर्च १५१० रुपये झाला. वरचे दहा रुपये मुलाने दिले आणि अजून परत मागतो.

जूनमध्ये एका रात्री मेन स्विच बंद करून आम्ही सराव केला. “पाणी काय घड्याळ बघून येतंय व्हय?” असे म्हणत सासूबाई उठल्या, पण उठल्या. पिशवी उचलून जिन्यापर्यंत आले आणि बॅटरी पिशवीच्या तळाशी आहे हे लक्षात आले. गुंडाळलेले तोंड अंधारात उघडून, गोळ्या आणि फुटाणे बाहेर काढून ती शोधेपर्यंत सात मिनिटे गेली. आता बॅटरी, तिचे सेल आणि शिट्टी पिशवीच्या पट्ट्यालाच एका छोट्या थैलीत बांधलेली असतात. याच रात्री आणखी एक गोष्ट ठरली. दारात पाणी येण्याची वाट पाहायची नाही, बंधाऱ्यावर ४१ फूट झाले की गॅसचा रेग्युलेटर काढून, मेन स्विच पाडून निघायचे. पूर्वी आम्ही नेहमी ‘अजून दोन पायऱ्या आहेत’ असे म्हणत थांबत असू.

जुलैच्या उत्तरार्धात ती वेळ आली. पाणी पात्राबाहेर पडले आणि ४१ फूट झाल्याचे कळताच आम्ही दिवसाउजेडी रिक्षाने राजारामपुरीला गेलो. पुढे नदीने धोका पातळी ओलांडली आणि राधानगरीचे दरवाजे उघडल्याचेही रेडिओवर ऐकले. पती या वेळी घरीच होते आणि त्यांनी पिशवीला हात घातला, तेव्हा मी ती त्यांना उचलू दिली नाही. माझ्या मापाने शिवलेली पिशवी माझ्याच पाठीवर बसते की नाही, हे मला पाहायचे होते. डाव्या खांद्यावर पट्टा रुतला, तिथे आता गोधडीच्या तुकड्याची गादी शिवली आहे.

नणंदेकडे पहिल्याच संध्याकाळी वीज गेली आणि कपाळाच्या बॅटरीच्या उजेडात आठ माणसांचे जेवण झाले. सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या. चिरमुरे मात्र दोन महिन्यांत मऊ पडून चामट झाले होते, गुळाला पाणी सुटले होते आणि ते फुटाण्यांच्या पाकिटापर्यंत गेले होते. आता चिरमुरे बाद केले आहेत, गूळ झाकणाच्या बरणीत जातो आणि दर दोन महिन्यांनी संकष्टीच्या आसपास खाण्याचे आणि गोळ्यांचे सामान बदलते. जुने सामान आम्ही खाऊन टाकतो, त्यामुळे त्याचा वेगळा खर्च असा पडत नाही.

परत आल्यावर पिशवी रिकामी करून दोरीवर उलटी वाळत घातली, तेव्हा भाऊंचे हसू बोळाकडे तोंड करून लटकत होते. ते पाहून शेजारच्या वहिनी वर आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दहीहंडीचा एक जुना फ्लेक्स आणून माझ्या मशीनवर ठेवला. आतापर्यंत अशा पाच पिशव्या शिवून दिल्या आहेत. शिलाई एकशे वीस रुपये घेते, सोल्यूशनच्या दोन ट्यूब ज्याच्या त्याने आणायच्या, आणि पिशवी घेऊन जाण्यापूर्वी ती माझ्यासमोर मोरीत तासभर बुडवून पाहायची.