बडोदे खोडताना

“आत्या, ‘बडोदे’ काढ. सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव देतच नाहीत.”

भाचीचं बरोबर होतं. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीतून २०१९ साली गाव गेलं. जर्नलचा नियम म्हटल्यावर वाद कसला! संदर्भसूचीत ‘बडोदे’ आणि पुढचा कोलन, दोन्ही पटापट खोडत सुटले.

गायकवाड ओरिएंटल सिरीजच्या १९१६ च्या ग्रंथापाशी मात्र अडले. प्रकाशक: सेंट्रल लायब्ररी. गाव काढलं की एवढंच उरतं. कुठली सेंट्रल लायब्ररी?

“नेटवर मिळतं गं सगळं,” भाची म्हणाली. मिळत असेलही. पण सयाजीरावांच्या पैशातून ही ग्रंथमाला जिथे निघाली, तेच नोंदीतून गायब?

आमच्या बडोद्याच्या मांडवीत कुणीही बोट दाखवून सांगेल. नागपूरच्या वाचकाने काय समजायचं?