आमची वाटचाल : महालातल्या कांडपापासून युरोपच्या गोणीपर्यंत

आईने 1991 साली नागपूरच्या महाल भागात, आमच्या घराच्या पडवीत, मिरची कांडपाचं यंत्र बसवलं. उन्हाळा लागला की गल्लीत रांग लागायची. बाया घरी वाळवलेली, देठ खुडलेली मिरची घेऊन यायच्या, यंत्रासमोर उभं राहून कांडून घ्यायच्या आणि डब्यातलं तिखट चिमटीने जिभेवर ठेवून बघायच्या. पटलं नाही तर आईला तिथल्या तिथे सांगायच्या.

2008 मध्ये मी धंद्यात आले आणि पाकिटं भरायला लागलो. हिंगणा एमआयडीसीत भाड्याचं शेड घेतलं, पल्वरायझर म्हणजे बारीक दळायचं यंत्र घेतलं. पुढे अन्न सुरक्षा कायद्याचे नियम 2011 पासून लागू झाले, पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक आला. अ‍ॅगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का, मात्र सक्तीचा नव्हता, तो आम्ही हौसेने घेतला. अ‍ॅगमार्कची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपुरातच आहे, आणि आपल्या गावातल्या या शिक्क्याचा मला अभिमान वाटायचा.

तिखटात ओलावा 11 टक्क्यांच्या वर नको, आम्लात न विरघळणारी राख 1.3 टक्क्यांच्या वर नको, हे मी आईला वाचून दाखवलं. राखेचं ऐकून ती लगेच म्हणाली, "म्हणजे माती-रेती किती, तेच ना?" अगदी तेच. मिरची कुणाच्या खळ्यावर कशी वाळली, ते त्या आकड्यात दिसतं.

निर्यातीचं काम मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत आलं. दोन टन तिखट, युरोपला. 2003 मध्ये तिकडे भारतीय तिखटात सुदान नावाचा, खायला बंदी असलेला कारखान्यातला रंग सापडला होता, तेव्हापासून निर्यातीच्या मिरचीची तपासणी कडक झाली आहे. रंगाची मला काळजी नव्हती. आम्ही भिवापुरी मिरची वापरतो, तिला वरून रंग लागत नाही. अहवाल आला, सुदान नाही. पण त्याखालच्या ओळीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष 18 निघालं. युरोपची मर्यादा 10 आहे, म्हणजे एका किलोत 10 मायक्रोग्रॅम. हजार टनांत दहा ग्रॅम म्हणा. माल परत आला.

हे विष बुरशीचं. यंत्रात ते तयार होत नाही, आणि भाजून-दळून पुरतं जातही नाही. म्हणून मी भिवापूरकडे शेतकऱ्यांच्या खळ्यावर गेले. पहाटेची वेळ. रात्रीच्या दवापासून जपावी म्हणून मिरचीच्या ढिगावर प्लास्टिक घातलेलं होतं. मी ते उचललं, तर आतली बाजू घामाने डबडबलेली. ढिगात हात घातला तो ओलसर, कोमट लागला. वरून लालभडक, तकतकीत दिसणारी एक मिरची मी मधून फोडली. बियांवर राखाडी केसाळ बुरशी होती. अशी एक मिरची गोणी बाद व्हायला पुरते. आणि नमुना गोणीच्या भलत्या कोपऱ्यातून घेतला, तर तीच गोणी तपासणीत पासही होते.

गोण्या भरतानाही मी थांबले. माणूस मिरचीवर पाणी शिंपत होता. विचारलं तर म्हणाला, "पाणी नाई मारलं तं मिरची फुटते न ताई, वजनही भरत नाई." त्याला रागवून काय होणार? फुटकी मिरची बाजारात कमी भावाने जाते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून फुटकी मिरची आम्ही त्याच भावाने घेऊ असं ठरवलं, कारण आम्हाला ती दळायचीच आहे. पाणी त्या दिवसापासून बंद झालं. ओलावा मोजायचं यंत्र घेतलं, शेतकऱ्यांच्या गटाला जाड ताडपत्र्या दिल्या, आणि रात्री ढीग कापडाने झाकायचा, प्लास्टिकने नाही, असं ठरलं.

खर्चाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. प्रयोगशाळेची फी नमुन्यामागे असते, किलोमागे नाही. पाचशे किलोवाला तितकीच भरतो जितकी दहा टनवाला. लहान धंद्याला निर्यात अवघड जाते ती दर्जामुळे कमी आणि या हिशेबामुळे जास्त. आम्ही वाट काढली ती एकाच गटाचा माल एकत्र घेऊन मोठा लॉट करण्याची. शेतकऱ्याचं नाव आणि गोणीचा क्रमांक वहीत असतो. दुसऱ्या खेपेला आकडा 10 च्या आत आला आणि माल गेला.

पण मनात एक गोष्ट राहिली. 18 चं ते परत आलेलं तिखट आपल्या देशात कायदेशीर होतं. इथे मसाल्याला मर्यादा 30 आहे. मी ते विकू शकत होते. महालातल्या ज्या बाया माझ्या आईला तोंडावर सांगायच्या, त्यांच्याच घरी ते गेलं असतं. आम्ही ते विकलं नाही, आणि तेव्हापासून नागपुरात विकायच्या पाकिटालाही आम्ही 10 चाच आकडा लावतो. त्यामुळे आमचं पाकीट शेजारच्यापेक्षा काही रुपयांनी महाग पडतं, आणि दुकानदार दर महिन्याला ते ऐकवतात.

गेल्या हंगामात अवकाळी पाऊस आला. चाळीस गोण्या मी शेडच्या दारातूनच परत पाठवल्या. त्या कुठे गेल्या असतील, हा विचार अजून जात नाही. बाजारात मिरची वाया जात नाही.